धुपाटण्यात निखारा नव्हता

जबाब
दिनांक १८ नोव्हेंबर २०२४, सोमवार. सकाळी १०.४०.

नाव: पेरिझात तुराटबेकोवा. वय: २३ वर्षे. व्यवसाय: साहाय्यक, ग्रंथालयाचा संगणक कक्ष. राहणार: शाळेमागील गल्ली, कारा-बुलुन, प्रांत नारीन.

मी ठाण्यात समक्ष हजर राहून, कोणी बोलावलेले नसताना, लिहून देते की, गुरुवार दिनांक १४ रोजी संगणक कक्षात धूर झाला, त्याबाबत कक्षाच्या सफाई कर्मचारी कालिपा आपा (वय ६१) यांनी शनिवारी याच ठाण्यात जबाब दिला आहे. धुपाटण्यातील निखारा आपल्या हातून खिडकीत राहिला, असे त्यांनी त्यात म्हटल्याचे मला समजले. ते खरे नाही.

आमच्या कक्षात सात शाळकरी मुली हिवाळी कुरणावरच्या एका गोष्टीचा अकरा मिनिटांचा चित्रपट संगणकावर तयार करीत आहेत. तो २५ तारखेपर्यंत राजधानीत, बिश्केकला पोहोचवायचा आहे. त्या कामासाठी बिश्केकहून एक वापरलेले ग्राफिक्स कार्ड मागवले. ते मी ४ नोव्हेंबर रोजी स्वतः बसवले.

दुसऱ्या दिवसापासून कालिपा आपा रोज सकाळी कक्षात आर्चा या सुवासिक डोंगरी झाडाच्या वाळक्या डहाळ्यांचा धूर फिरवू लागल्या. घरात परकी वस्तू आली की सगळेच करतात, तसे. संगणकाभोवती तीन फेऱ्या घालून "इडापिडा टळो" असे म्हणत. नंतर धुपाटणे ओसरीवर नेऊन ठेवत.

सोमवार दिनांक ११ पासून कक्षात जळका वास येऊ लागला. तो प्रथम आपांच्या लक्षात आला. त्या मला म्हणाल्या, "पोरी, तुझ्या पेटीत काहीतरी करपतंय."

मी म्हणाले, "तुमच्या आर्चाचाच वास आहे, आपा."

त्या म्हणाल्या, "चाळीस वर्षं आर्चा जाळतेय मी. तू पुस्तकं वाचलीस, वास नाही वाचलास."

वाचनालयातील लोकांनीही आपांनाच बोल लावला. एकाने त्यांना विचारले की इथे मांस भाजता की काय. वाईट वास जावा म्हणून आपांनी मंगळवारी आणि बुधवारी दुप्पट आर्चा जाळली. त्यामुळे मूळ वास झाकला गेला आणि मला हायसे वाटले.

गुरुवारी सकाळी ९ वाजता आपा आल्या त्या हात हलवीत. त्या म्हणाल्या, "आज मी काडीसुद्धा ओढलेली नाही. धुपाटणं खिडकीत ठेवलंय, हात लावून बघ. आता वास आला तर माझ्या नावानं खडे फोडू नकोस." मी हात लावून पाहिला. लोखंड बर्फासारखे गार होते व आत बुधवारची राख होती.

११.१० च्या सुमारास वास आला. तापलेल्या प्लास्टिकचा, थोडासा शिळ्या मासळीसारखा. आपांनी फरशी पुसणे थांबवले व म्हणाल्या, "बोल आता." तेवढ्यात संगणकाच्या मागून निळसर धूर निघाला आणि खिडकीच्या पडद्याची कड करपू लागली. आपांनी पाण्याची बादली उचलली. मी म्हणाले, "आपा, पाणी नको. लांब व्हा." माझा आवाज पलीकडच्या दालनातही ऐकू गेला, असे मला नंतर सांगण्यात आले. एरवी माझा आवाज टेबलापलीकडे जात नाही.

मी भिंतीवरील बटण बंद करून वायर काढली, पडदा खाली ओढून पायाने विझवला व खिडकी उघडली. वाचनालयातील कोणीतरी अग्निशामक दलाला फोन केला होता. ते आले तेव्हा विझवण्यासारखे काही उरले नव्हते. करपलेल्या पडद्याशेजारी राखेचे धुपाटणे दिसल्यावरून त्यांनी निखारा हे कारण नोंदवले. मी कपाटाशेजारी उभी होते. मला कोणी विचारले नाही आणि मीही सांगितले नाही.

ते गेल्यावर मी पेटी उघडली. वीजपुरवठ्याची वायर कार्डात जिथे खोचतात, तो प्लग वितळून तपकिरी झाला होता. ४ तारखेला तो प्लग मीच खोचला होता. तो पूर्ण बसण्यासाठी जोर लावावा लागतो. काहीतरी मोडेल या भीतीने मी मध्येच थांबले. नखभर फट राहिली होती. फट राहता कामा नये, असे माहितीपत्रकात लिहिले आहे. ते मी दोनदा वाचले होते. फट मला दिसत होती.

शुक्रवारी ग्रंथालयप्रमुख जामिरबेक बाइके यांनी मला बोलावून सांगितले, "तुझं नाव बिश्केकच्या प्रशिक्षणाला पाठवलंय. चूक तुझ्या नावावर चढली तर ते परत येईल. आपा वसंतात निवृत्त होतातच आहेत. होऊ दे." बाइके यांचा हेतू वाईट नव्हता. मात्र हा ठपका कायम राहिल्यास आपांना एकोणीस वर्षांच्या नोकरीनंतर निष्काळजीपणाच्या शेऱ्यासह कामावरून काढण्यात येईल. हे मला ठाऊक होते. तरी मी दोन दिवस गप्प राहिले.

शनिवारी आपांनी जबाब दिल्याचे कळल्यावर मी त्यांच्या घरी गेले. त्या म्हणाल्या, "मला काय, घरी बसून नातवंडांसाठी शेवया लाटीन. तू गप्प राहा. तुला ते छान जमतं." मी चहा न घेता परत आले.

वीजतंत्री एर्किन यांनी रविवारी संगणक तपासला. कार्ड व वायर निकामी झाली असून बाकी यंत्र शाबूत आहे. मुलींचे काम सुरक्षित आहे. कार्डाशिवाय चित्रे फार सावकाश तयार होतात, म्हणून मुली पाळीपाळीने बसत आहेत. आज सकाळपर्यंत शेवटची चाळीस सेकंदे राहिली होती. ती मुदतीत होतील.

आज ठाण्यात येण्यापूर्वी मी बाइके यांना सर्व सांगितले. ते म्हणाले, "प्रशिक्षणाच्या अर्जात हेही लिहून पाठवू. बघू, काय म्हणतात. जा, बाहेर बर्फ आहे, जपून चाल."

चूक माझी आहे. गुरुवारी धुपाटण्यात निखारा नव्हता. कालिपा आपा यांचा जबाब रद्द करावा.

तपास अधिकाऱ्यांनी मला विचारले की आणखी काही नोंदवायचे आहे काय. होय. कालिपा आपा सकाळपासून बाहेर बाकावर बसल्या आहेत. मी खोटे बोलते आहे, असे सांगण्यासाठी त्या आल्या आहेत. त्यांना आत बोलावून गरम चहा द्यावा आणि त्यांचे म्हणणे लिहून घेऊ नये.

वरील मजकूर मला मोठ्याने वाचून दाखवण्यात आला. एके ठिकाणी "बहुधा" असा शब्द होता, तो मी खोडण्यास सांगितला. उरलेला सर्व मजकूर माझ्या सांगण्याप्रमाणे व खरा आहे.

सही: पेरिझात तुराटबेकोवा