खडू जाऊबाईंचा, कात्री माझी

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या बाजारपेठेच्या व्यापारी संघाचे प्रमुख; व्यासपीठावर बसलेल्या, आमच्या दुकानाचं रूप पालटणाऱ्या डिझायनरबाई; आजच्या सत्कारमूर्ती, माझ्या थोरल्या जाऊबाई; आणि समोर बसलेल्या माझ्या सर्व मैत्रिणींनो, तुमची मापं मला तोंडपाठ आहेत आणि मान कापली तरी मी ती कुणाला सांगणार नाही. आपणा सर्वांना नमस्कार. सोबत आलेल्या यजमान मंडळींनाही नमस्कार. खुर्च्या मऊ आहेत, डुलकी लागली तर आमची हरकत नाही.

मला थोडाच वेळ दिला आहे. काय बोलायचं तेही सांगून ठेवलं आहे. जाऊबाईंनी सकाळीच बजावलं, "चार बरे शब्द बोल, गुच्छ दे आणि खाली बस. उद्घाटनाचा विषय काढायचा नाही." अध्यक्षमहाराज, लग्न होऊन या घरात आल्यापासून मी जाऊबाईंचं ऐकत आले आहे. आज ऐकणार नाही. पाहा, त्यांनी चष्मा काढला. आमच्या घरात त्यांनी चष्मा काढला की पुढे काय होतं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

आपण इथे जमलो आहोत, कारण जाऊबाई उद्यापासून दुकानात येणार नाहीत. त्या लेकीकडे चालल्या आहेत, कायमच्या. का? मी विचारलं. म्हणाल्या, "हात गेला. आता दुकान तुझं." आणि हे त्यांनी ठरवून टाकलं, मला न विचारता. म्हणून मी आता सगळ्यांच्या देखत बोलणार आहे. एरवी त्या मला बोलू देत नाहीत, आणि इथे त्यांना पाहुण्यांसमोर गप्प बसावं लागेल.

तुमच्यातल्या जुन्या मैत्रिणींना आमच्या घरामागच्या दोन खोल्या आठवत असतील. पुढच्या खोलीत मापं, मागच्या खोलीत काम. जाऊबाई बेतायच्या, मी शिवायची. शिवण शिकता येते हो. बेतणं वेगळं. कागदाचा नमुना नाही, पुठ्ठा नाही. बाई समोरून चालत आली की जाऊबाईंच्या लक्षात यायचं, हिचा डावा खांदा उतरता आहे, ही श्वास पोटात धरून उभी राहते, घरी गेल्यावर सोडेल. मग थेट कापडावर खडू. आणि कात्री एकदा लावली की थांबायची नाही.

मग त्यांचा अंगठा आखडायला लागला. आधी अधूनमधून, मग कात्री धरली की हमखास. डॉक्टर झाले, शेक झाले. शेवटी एक दिवस त्यांनी मागच्या खोलीचं दार लावलं, आखलेलं कापड माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "काप. माझ्या रेषेच्या आत गेलीस तर याद राख." तेव्हापासून खडू त्यांचा आणि कात्री माझी. बाहेर कुणाला पत्ता नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची! तुम्ही मापाला यायचात, "तुमच्या कात्रीत जादू आहे" म्हणायचात, जाऊबाई हसायच्या, आणि मी दाराआड उभी राहून ऐकायची. मला वाईट वाटायचं का? वाटायचं. आज कशाला लपवू?

अशात आमचं दुकान मोठ्या रस्त्यावर न्यायचं ठरलं. नुसतं शिवणकामाचं दुकान नव्हे, उंची दुकान. त्यासाठी या डिझायनरबाई आल्या. मला वाटलं, येतील, पडद्यांचे रंग दाखवतील, जातील. पण या बाई आमच्याकडे स्टूल घेऊन बसायला लागल्या. बोलायचं नाही, नुसतं बघायचं. त्यांनी बघितलं की कपडा हातात आला की प्रत्येक बाई आधी तो उलटा करून आतली शिवण बघते. झालं! आमच्या खोक्यात कपडा उलटा घडी घालून द्यायचं ठरलं, झाकण उघडलं की आधी आतलं काम दिसायला हवं. कपडे बदलायच्या खोलीत डोक्यावर दिवा नको, त्यानं डोळ्यांखाली काळं दिसतं. दिवे दोन्ही बाजूंना हवेत. भिंतींना कच्च्या रेशमाचा रंग. आणि प्रत्येक कपड्याच्या मानेशी रेशमी पट्टी, तिच्यावर विणलेली जाऊबाईंची सही. ती पट्टी टाचायचं काम माझ्याकडे. म्हणजे मी कापलेल्या, मी शिवलेल्या कोटावर मीच त्यांची सही टाचायची. दोन-तीनदा सुई बोटात गेली, एवढंच सांगते.

इथवर सगळं ठीक होतं. मग बाईंनी नकाशा पसरला. दुकानाच्या मधोमध काच आणि काचेपलीकडे बेतायचं टेबल! म्हणाल्या, "तुमची ओळख म्हणजे तुमची कात्री. ती लोकांना दिसली पाहिजे. बाकीचे लपवतात, आपण दाखवू."

म्हणजे कापतं कोण, ते सगळ्यांना दिसणार! जाऊबाई म्हणाल्या, "मोरी कुणी दिवाणखान्यात आणतं का?" बाई हटेनात. वर विचारतात, "आणि टेबलापाशी हा पाट कशाला असतो?" आता, टेबल जाऊबाईंच्या उंचीचं आणि मी ही अशी. पाटाशिवाय माझा हात पलीकडे पोचत नाही. पण ते सांगणार कसं? मी म्हणाले, "वरचे डबे काढायला." त्याच वेळी जाऊबाई म्हणाल्या, "माझे पाय दुखतात, त्यावर ठेवते." आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं नाही. बाईंनीही पुढे विचारलं नाही.

काच बसली. आणि त्याहून कठीण म्हणजे, या आपल्या अध्यक्षमहाराजांना एक कल्पना सुचली. फीत कापायची नाही! जाऊबाई सगळ्यांसमोर पहिलं कापड बेततील, तेच उद्घाटन. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निमंत्रणं गेली. कापडही आलं. आपल्या डॉक्टरीणबाई, त्या पहा, दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत, त्यांनी आपल्या गेलेल्या आईचं रेशीम दिलं. त्याचा कोट करायचा होता. तसं कापड आता कुठे विणलं जात नाही. चुकलं तर जन्माचं चुकलं.

मी जाऊबाईंना म्हणाले, "सांगून टाकू या. अंगठा आजारी आहे यात कसली लाज?" त्या माझ्यावर कडाडल्या, "एक शब्द बाहेर गेला तर तुझं माझं संपलं." मग दोन दिवस आमच्यात बोलणं नाही. एकाच टेबलाशी, एक आखतेय, एक कापतेय, आणि आवाज फक्त कात्रीचा. घरी नवरा म्हणाला, "तू कशाला जीव टांगणीला लावतेस? त्यांना उभं राहू दे टेबलाशी. पडेल ते पडेल. मग लोकच विचारतील, इतके दिवस कापत कोण होतं?" अहो, बसा, उठू नका, तुम्ही म्हणालात हे खरं आहे. आणि तो विचार मलाही गोड वाटला, हेही खरं आहे. पण तेवढ्यापुरताच. कारण मला त्यांचा हात दिसायचा. सकाळी चहाचा कप उचलताना त्या दुसरा हात खालून लावतात, तो.

उद्घाटनाचा दिवस आला. तुम्ही होतात तिथे. काचेला नाकं लावून उभ्या होतात. जाऊबाईंनी रेशीम पसरलं, हात फिरवला, आणि आखलं. किती सुंदर आखलं! मग कात्री उचलली. मी त्यांच्या मागे उभी. पहिला घास कात्रीनं नीट घेतला. दुसरा घेतला. खांद्यावरून रेषा मुंढ्याकडे वळते, म्हणजे जिथे बाही जोडायची त्या गोलाईकडे, तिथे हात वळवावा लागतो. आणि तिथे कात्री थांबली.

तुम्हाला वाटलं, विचार करताहेत. मला त्यांची मान मागून दिसत होती. मानेवर घाम होता. कात्रीची पाती रेशमात अर्धी मिटलेली, अंगठा आखडलेला, पुढेही जाईना, सुटेनाही. मला वाटलं, आता खोकला काढावा, चक्कर आल्याचं सोंग करावं, काहीतरी पाडावं. आणि जाऊबाई मागे न बघता म्हणाल्या, "धाकटे, पुढे ये."

मग त्यांनी डाव्या हातानं अंगठा कात्रीतून सोडवला आणि काचेकडे तोंड करून सांगितलं, "गेलं वर्षभर तुम्ही जे अंगावर घालताय, ते हिनं कापलेलं आहे. माझा फक्त खडू."

मग ही आपली निळ्या कोटवाली मैत्रीण, हसते आहे बघा, हिनं विचारलं, "म्हणजे माझा निळा कोटसुद्धा?" जाऊबाई म्हणाल्या, "तोसुद्धा." ही म्हणाली, "अगं बाई, तो तर सगळ्यात छान बसलाय!" तुम्ही सगळ्या हसलात. मी हसले नाही. मला अर्ध्यावर थांबलेलं ते रेशीम पुरं करायचं होतं. टेबल छातीशी येत होतं. मी टाचा उंचावल्या, तर पायाला काहीतरी लागलं. टेबलाखाली पाट होता. पुसून ठेवलेला. मी ठेवला नव्हता. जाऊबाई सकाळी सगळ्यांच्या आधी दुकानात आल्या होत्या.

मी तो मुंढा कापला. डॉक्टरीणबाईंनी आज तोच कोट घातला आहे.

आता खरी गोष्ट सांगते. त्या दिवसापासून तुम्ही सगळ्या जाऊबाईंशी फार प्रेमानं वागायला लागलात. "आराम करा हो आता." "बसा हो, धाकट्या वहिनी बघतील." माझ्याकडे येता, कात्रीचं कौतुक करता. आणि त्यांना दाराजवळची मऊ खुर्ची देता. मैत्रिणींनो, रागावू नका, पण त्या खुर्चीनं त्यांना जितकं दुखवलं तितकं अंगठ्यानं दुखवलं नाही. त्यांना वाटायला लागलं की आपण उरलो ते शोभेला. म्हणून हा निरोप.

पण मला एक सांगा, मी कापते कशावर? गेल्या आठवड्यात त्या लेकीकडे गेल्या होत्या, तेव्हा मी गुपचूप एक साधा कोट स्वतः आखला आणि कापला. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? त्याची बाही अशी झाली की ती घालून बाईनं आयुष्यभर हात वर करूनच हिंडावं. मी तो कोट कपाटामागे कोंबला आहे. काल हे जाऊबाईंना सांगायला गेले, तर त्यांनी ऐकून न घेता सामान बांधायला घेतलं.

जाऊबाई, तुमच्याशिवाय मला नुसती कात्री येते. कुठे वळायचं ते मला दिसत नाही. आणि दुकानाचं राहू द्या. दुपारी दोघींनी मिळून जेवायचं, तुम्ही माझ्या भातात मीठ कमी म्हणून नाक मुरडायचं, मी उलटून बोलायचं, याची मला सवय झाली आहे. मला तुम्ही हव्या आहात. हे मी घरात कधी म्हणाले नाही. आपल्यात असं बोलायची रीत नाही. म्हणून माईकवर बोलते आहे. हा गुच्छ मी तुम्हाला देणार नाही. काय करायचं ते करा.

काय? जरा मोठ्यानं, माईकमध्ये येत नाही. डिझायनरबाई, माईक तिकडे द्या ना जरा. नको म्हणताहेत. बरं, मीच सांगते त्या काय म्हणाल्या. जाऊबाई म्हणताहेत, "पुरे कर तुझं पुराण. आणि कपाटामागचा तो कोट सकाळी टेबलावर काढून ठेव. किती वाट लावलीस ते मला बघू दे."

सकाळी! ऐकलंत ना सगळ्यांनी? तुम्ही साक्षीला आहात.

अध्यक्षमहाराज, समारंभ निरोपाचा होता, तो मी बिघडवला. आपण वेळात वेळ काढून आलात, डिझायनरबाईंनी सगळं ओळखूनही मौन पाळलं, आणि तुम्ही सर्वांनी एका घरातलं भांडण इतक्या शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कुणाला टोचलं असेल तर मोठ्या मनानं माफ करा. डोळ्यांत पाणी आलं की मला समोरचं नीट दिसत नाही, तेव्हा कुणाचा मान द्यायचा राहिला असेल तर तोही दिला असं समजा. चहा तयार आहे. जाऊबाईंना कप मी देते, तुम्ही कुणी मधे येऊ नका.