ट्यूब बंद करा, अण्णा

...आणि वर मलाच सांगतो, "अण्णा, ट्यूब बंद करा." मला! अहो, वीज कंपनीत तीस वर्षं रस्त्यावरचे दिवे सांभाळले मी, गोरेगाव ते दहिसर असा एक खांब दाखवा ज्याला माझ्या माणसांनी शिडी लावलेली नाही, चारकोपला नुसते सेक्टर आखले होते, माणूस औषधाला नव्हता, तेव्हा आमचे खांब उभे होते, खाली फक्त कुत्री, पण लख्ख उजेडात! आणि मला हा चंद्रप्रकाश, शेजारच्या कुंदावहिनींचा मुलगा, वय वर्षं सव्वीस, माझ्याच घरात उभा राहून सांगतो की ट्यूब बंद करा. बापाने हौसेने नाव ठेवलं चंद्रप्रकाश, आणि याला आवड काळोखाची! तुम्हाला सांगतो, तिथेच वाट लागली. पुढे जे झालं ना, ते सगळं त्या ट्यूबमुळे. उजेड कमी पडला, बाकी काही नाही.

आता तुम्ही म्हणाल, घरात शूटिंग कशाला काढलं? हौस नव्हती हो. आमची क्षमा, एकुलती एक, इथेच शाळेत शिकवायची. तिला मुलुंडचं स्थळ आलं. मुलगा नंदकिशोर, मस्कतला इंजिनियर. त्याने पत्र लिहिलं होतं, साधं, नीट, अक्षर चांगलं. क्षमाने ते दोनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा वाचताना मी आत आलो तर पटकन तांदळाच्या डब्यामागे सारलं. म्हणजे मी काय ते समजलो. पण मुलाला रजा नाही! आणि मस्कतला म्हणे घरोघरी कॅसेट लावायचे व्हिडिओ. तेव्हा त्याच्या आई, वनमालाबाई, त्या नाकातून बोलतात, त्यांचा निरोप आला, "फोटोत काय हो, सगळ्याच गोऱ्या दिसतात... मुलीची कॅसेट पाठवा." कॅसेट! अहो, आमच्या वेळी मुलगी बघायला माणसं यायची, नाकं मुरडायची, पण पोहे तरी खाऊन जायची! आता ते तिकडे कॅसेट बघणार आणि पोहे इथे आम्हीच खाणार.

तर हा चंद्रप्रकाश. गोरेगावच्या स्टुडिओत एका कॅमेरामनचा चौथा असिस्टंट. चौथा! काम काय, तर टेप घेऊन हिरोच्या नाकापासून कॅमेऱ्यापर्यंतचं अंतर मोजायचं. दिवसभर नाकं मोजून मोजून याच्या डोक्यात कला शिरलेली. मित्राचा व्हिडिओ कॅमेरा घेऊन आला, एका खांद्यावर कॅमेरा, दुसऱ्यावर रेकॉर्डर, मधे ही जाडजूड वायर. मला म्हणाला, "अण्णा, असं काम करतो की क्षमाचं कॅरेक्टर दिसलं पाहिजे." मी म्हटलं, अरे कॅरेक्टरची खात्री आम्ही देतो, तू नुसता चेहरा दाखव.

रविवारी दुपारी चारला आला. मी सकाळीच बाहेरच्या खोलीत दोन जादा ट्यूबा लावून ठेवल्या होत्या, म्हणजे एकूण तीन, खोलीत सुई पडली तरी सापडेल असं केलं होतं. याने आल्या आल्या एक बंद केली. मग दुसरी. मग तिसरी! एका खिडकीवर आमची सोलापुरी चादर टांगली, दुसरी अर्धी उघडी ठेवली, आणि क्षमाला तिच्या बाजूला बसवलं. मी म्हटलं, अरे, अर्धा चेहरा काळोखात गेला तिचा. तर म्हणतो कसा, "एकाच बाजूने उजेड आला ना अण्णा, की माणूस विचार करतोय असं वाटतं." पण मस्कतवाल्याला विचार करणारी बायको हवीय हे याला कुणी सांगितलं? मग कॅमेरा जमिनीवर, पाटावर! का, तर खालून घेतलं की छत दिसतं, आणि छत दिसलं की माणूस घरात अडकल्यासारखा वाटतो. अरे गाढवा, तिला घरातून बाहेर काढायसाठी तर हे चाललंय! पंखा बंद, रेडिओ बंद. शांत झालं तसा मोरीतला नळ ऐकू यायला लागला, टप... टप... तीन महिने प्लंबर येत नव्हता. मी घट्ट करायला उठलो तर हा म्हणतो, "राहू दे अण्णा, मूड जाईल." मूड! तीन महिने मी ज्याच्याखाली बादली लावत होतो, तो मूड होता!

एकच दिवा ठेवला त्याने. आमच्या हिच्या फोटोखालचा. नीला, माझी बायको, तिला जाऊन सहा वर्षं झाली, फोटोखाली लाल झिरोचा दिवा मीच बसवलाय, सहा वर्षांत एकदा विझू दिलेला नाही. तो तेवढा राहू दे म्हणाला. मी विचारलं, मी कुठे बसू? म्हणाला, रोज बसता तिथेच बसा, कॅमेऱ्याकडे बघू नका. स्वयंपाकघराच्या दाराशी माझी लोखंडी खुर्ची आहे, तिच्यावर बसलो. मला काय ठाऊक मी पण त्यात येतोय? मला वाटलं, क्षमा पुढे आहे, कॅमेरा क्षमावर आहे, आपलं काय काम. तिने चहा ओतला, कप लावले, साडीचा पदर सारखा केला, हा आपला घेतोय, घेतोय, थांबतच नाही. मी बसून राहिलो.

मग मुलुंड. गोरेगावहून मुलुंड म्हणजे दोन बसा आणि अर्धा दिवस. वनमालाबाईंकडे मुलाने पाठवलेला व्हिडिओ, वर क्रोशाचा रुमाल. मजल्यावरचे सगळे जमलेले. कॅसेट लावली... आणि पडदा काळा! वनमालाबाईंच्या यजमानांनी टीव्हीला दोन थपडा मारल्या. एक जण म्हणाला, व्हिडिओचं हेड खराब झालं. शेवटी एका कोपऱ्यात खिडकी उगवली, मग क्षमाचा अर्धा चेहरा, आणि नळ, टप... टप... एक म्हातारी तर पाऊस आला म्हणून दोरीवरचे कपडे काढायला निघाली. मग तो चहाचा शॉट. संपेचना! मागून कुणीतरी विचारलं, कापायला विसरलाय का? आणि मग वनमालाबाई पुढे वाकल्या, "अगंबाई, मागे कोण हो ते... म्हातारं बसलंय?"

मी होतो तो.

अहो, तुम्हाला शपथेवर सांगतो, मी ओळखलं नाही स्वतःला. दाराच्या चौकटीत, त्या लाल दिव्याच्या उजेडात, एक माणूस गुडघ्यावर हात ठेवून बसलाय. चेहरा धड दिसत नाही. हलत नाही, बोलत नाही, नुसता पोरीच्या पाठीकडे बघतोय. एका बाईने डोळ्याला पदर लावला! मुलगी बघायला बसली होती बाई, आणि रडते कुणासाठी, तर माझ्यासाठी! वनमालाबाईंनी हळूच विचारलं, घरात कुणी वारलं का हो अलीकडे? मी म्हटलं, छे हो, सहा वर्षं झाली त्याला, मी अगदी मजेत असतो, उजेड कमी होता, बाकी काही नाही. त्यांनी कॅसेट काढली, रुमालात गुंडाळून माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मुलगी आम्हाला आवडली. पण या माणसाला एकटं टाकून ती मस्कतला राहील का? महिन्याभरात परत यायची हो." या माणसाला! समोर बसलो होतो मी, चहा पीत, आणि बाई टीव्हीतल्यावर विश्वास ठेवतात!

घरी आलो तो तणतणतच. चंद्रप्रकाशला जिन्यातच धरला. म्हटलं, पोरीचं लग्न मोडलंस, मला मेलेल्यात काढलंस, काय केलंस काय तू? तो घाबरला नाही हो. शांतपणे म्हणाला, "मी काहीच नाही केलं, अण्णा. तुम्ही बसला होता तसेच घेतलेत. मी फक्त ट्यूब बंद केली." म्हटलं, चल नीघ.

आणि ही चूक! कॅसेट मी टेबलावर ठेवली. क्षमाने ती नेली कुंदावहिनींकडे, तिथे कुठून तरी व्हिडिओ आणला होता त्यांनी. तासाभराने परत आली. मी लोखंडी खुर्चीवरच होतो, उठायचं सुचलं नाही मला. दारात उभी राहिली आणि म्हणाली, "अण्णा, मी शाळेत गेले की तुम्ही असेच बसता?" मी म्हटलं, अगं वेडी का तू, उजेड कमी होता. ती म्हणाली, "मग मी नाही जात." आणि कुकर लावायला आत गेली. झालं! मुलुंडवाले नको म्हणतात ते एक, आता ही पण नको म्हणते. आणि पत्र अजून तांदळाच्या डब्यामागेच, मी रोज बघत होतो ना.

मग मी बोरिवलीचा काशीराम गाठला. लग्नाच्या कॅसेटी काढणारा, कलेशी काही संबंध नाही, हे पहिलंच विचारून घेतलं. झकास माणूस! दोन हॅलोजन घेऊन आला, हजार हजार वॅटचे, मी स्वतः फ्यूजची तार जाड करून दिली. लावल्याबरोबर भिंतीवरची पाल पळाली. नळाला चिंधी बांधली, नीलाच्या फोटोपुढे प्लॅस्टिकची फुलं ठेवली, लाल दिवा... तो त्या उजेडात असला काय आणि नसला काय, दिसतच नव्हता. आणि काशीराम आपला ओरडतोय, "साहेब, स्माईल! मॅडमकडे बघू नका, माझ्याकडे बघा. जोरात हसा, दात दिसू दे." हसलो! कपाळावरून घाम गळतोय, डोळ्यांपुढे निळे पिवळे ठिपके, आणि मी हसतोय. क्षमाने पोह्यांची बशी पुढे केली की हसायचं, परत नेली की हसायचं. तोंड दुखलं हो. क्षमा बशी धरून माझ्याकडे बघत होती, बराच वेळ. मग ती पण हसली. तिला माझं खरं वाटलं, की खरं मानायचं तिने ठरवलं, ते मला अजून कळलेलं नाही.

काशीरामने त्याच्यावर सनई टाकली, क्षमा बदामाच्या आकारात आली, पान उलटल्यासारखं चित्र उलटलं, आणि माझं हसणं त्याला एवढं आवडलं की तीनदा टाकलं. चेहरे सगळ्यांचे पीठ फासल्यासारखे पांढरे. मुलुंडला टाळ्या पडल्या! मस्कतहून पंधरा दिवसांत होकार. पत्रात लिहिलंय, "तुमचे वडील फार मजेशीर दिसतात." मजेशीर! आता जावयाला दर पत्रात एक विनोद लिहावा लागतो मला. तीस वर्षं ऑफिसात कधी केला नव्हता. कुंदावहिनींना विचारून लिहितो.

लग्न माघात झालं. विमानतळावरही मी हसत होतो, काशीराम कॅमेरा घेऊन समोरच होता ना. ती काचेपलीकडे गेली, तिकडून हात हलवला, मी दात दाखवले. घरी आलो, तिन्ही ट्यूबा लावल्या. लख्ख! प्रत्येक कोपरा दिसतो. कुठे कुणी नाही, हे पण नीट दिसतं. तांदळाच्या डब्यामागचं पत्र ती घेऊन गेली, तिथे फक्त थोडी धूळ पुसलेली.

आणि परवा रविवारी हा चंद्रप्रकाश आला. जिन्यात धरला त्या दिवसापासून मी बोललो नव्हतो त्याच्याशी. हातात व्हिडिओ, बगलेत ती पहिली कॅसेट. म्हणाला, आमच्याकडेच राहिली होती, बघता का? मी म्हटलं, लाव, दुसरं काय काम आहे मला. ऊन असेल तेव्हा पाचाचं. लावली. काळा पडदा, मग खिडकी, मग नळ. नळ गेल्या आठवड्यात दुरुस्त झाला, प्लंबरला आताच सुचलं यायला. आणि मग तो चहाचा शॉट, ज्याला मुलुंडला सगळे वैतागले. अहो, त्या दिवशी मी त्यात फक्त मलाच बघत बसलो होतो, लाजेने. आता क्षमाकडे बघितलं. चहा ओतते, कप लावते, आणि मग थांबते. मान जरा वळवते. कॅमेऱ्याकडे बघत नाही. मागे दारात बसलाय ना तो, त्याच्याकडे बघते. तो तेव्हा खाली बघतोय, त्याला पत्ताच नाही. ती बघते, बघते... आणि या गाढवाने तो शॉट कापला नाही. चार मिनिटं! अख्खी चार मिनिटं पोरगी माझ्याकडे बघत होती, माझ्याच घरात, आणि ते कळायला मला कॅसेट लागली. काशीरामच्या कॅसेटीत ती बदामात आहे. पण अशी कुठे नाही.

मी तो तुकडा तीनदा मागे घ्यायला लावला. रडलो पण, लपवत नाही तुमच्यापासून. चंद्रप्रकाश बिचारा खाली बघून म्हणाला, अण्णा, मला कबूल आहे, इथे उजेड जरा कमीच पडला. मी म्हटलं, नाही रे. बरोबर होता.

तोवर बाहेर अंधारून आलं. खोलीत टीव्हीचा उजेड आणि नीलाचा तो लाल दिवा, बस. मी माझ्या लोखंडी खुर्चीवर, गुडघ्यावर हात. चंद्रप्रकाश उठला, बटणाकडे हात नेला आणि म्हणाला, अण्णा, काळोख झाला, ट्यूब लावू का? तीस वर्षं उजेडाचं काम केलेला माणूस हो मी... म्हटलं, राहू दे रे. मूड जाईल.