चौकट काढलेल्या टाकीला पोट आले होते

मी, जिला इमारतीत सगळे टेलिफोनबाई म्हणतात, वय एकाहत्तर वर्षे, पूर्वी टेलिफोन ऑपरेटर, आता निवृत्त, राहणार शिंप्याच्या दुकानावरचा पहिला मजला, एकटी, पोलीस ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते की,

"एकटी" हा शब्द अंमलदारांनी आधी लिहिला नव्हता, तो मी लिहायला लावला. सगळे भांडण त्यावरूनच आहे.

माझ्या बाहेरच्या खोलीत लोखंडी स्टँडवर चार फुटी काचेची माशांची टाकी होती. टाकीला वरून काळ्या प्लास्टिकची चौकट होती आणि मधोमध एक आडवी पट्टी, पुढची आणि मागची काच धरून ठेवणारी. त्या चौकटीसकट ती टाकी इतकी वर्षे थेंबभर गळली नाही.

गेल्या महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. मी आठवडाभर मुलीकडे होते. घरी परत आले तर जावयांनी मला खूश करण्यासाठी म्हणून चौकट आणि पट्टी ब्लेडने कापून काढली होती आणि टाकी पुन्हा काठोकाठ भरून ठेवली होती. त्यांच्या ऑफिसात बिनचौकटीची टाकी आहे, ती फार छान दिसते म्हणे. मी म्हटले, "अहो जावईबापू, तिची काच केवढी जाड असेल आणि माझीची केवढी! एवढं पाणी पेलायचं कुणी?" ते म्हणाले, "आई, काच सिलिकॉनने चिकटलेली असते. चौकट नुसती शोभेला. मी व्हिडिओ बघितलाय." माझ्या घरातल्या वस्तूला हात लावण्यापूर्वी मला का विचारले नाही, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.

दुसऱ्याच दिवशी पुढच्या काचेला मधोमध पोट आलेले मला दिसले. मी दोघांना बोलावून दाखवले. जावई हसून म्हणाले, "आई, ऑपरेशननंतर काही दिवस सगळंच वाकडं दिसतं." मुलगीही हसली. मी शिवणाची लाकडी पट्टी काचेला आडवी लावली. मध्ये टेकत होती आणि दोन्ही टोकांना फट दिसत होती. जावई म्हणाले, पट्टीच वाकडी आहे. म्हणजे डोळा वाकडा, पट्टी वाकडी, म्हातारी वाकडी, आणि जावई तेवढे सरळ. हे वाक्य अंमलदार गाळत होते, मी गाळू दिले नाही.

मंगळवारी सकाळी ते पोट आणखी वाढलेले दिसले, म्हणून मी स्वयंपाकघरातून मुलीला फोन केला. मी म्हटले, "कुणाला तरी पाठव गं, अर्धं पाणी काढून टाकू दे. मला डॉक्टरांनी बादल्या उचलायला बंदी केलीय." त्या वेळी कुकर शिट्ट्या देत होता. मुलगी म्हणाली, "आई, आधी तो कुकर बंद कर, काही ऐकू येत नाहीये." मी गॅसचे बटण फिरवले आणि तेवढ्यात बाहेरच्या खोलीत धाडकन आवाज झाला. "काय फुटलं?" हे मुलीनेच फोनवर विचारले.

मी बाहेर आले तेव्हा पुढची काच कोपऱ्याच्या जोडापासून सुटून खाली फुटली होती. सापडले तेवढे मासे मी पातेल्यात टाकले. त्यातला काळा, सारखे तोंड हलवतो म्हणून ज्याला मी वकील म्हणते, तो एकटा जगला. बाकीच्यांबद्दल घरात कोणी एक शब्द काढलेला नाही.

पाणी झिरपून खाली शिंप्यांकडे शिवायला आलेल्या कपड्यांवर पडले. त्यांनी तक्रार दिली, त्यात त्यांचे काही चुकले नाही. पण चौकशीला आलेल्या हवालदारांना जावयांनी सांगितले की, "आईंना नीट दिसत नाही, त्यांचा धक्का लागला." आणि त्याच संध्याकाळी मला सांगितले, आता एकटे राहणे पुरे, सामान बांधा, ही जागा भाड्याने देऊन टाकू. चौकट त्यांनी काढायची आणि घर मी सोडायचे, हा कुठला न्याय?

अंमलदार म्हणाले, "आजी, घरातली गोष्ट आहे, मिटवून टाका. चौकट काढणं हा काही गुन्हा होत नाही." होत नसेल तर नसो. मला कोणाला आत टाकायचे नाही. पण स्वतःची चूक माझ्या डोळ्यांवर ढकलायची आणि तीच कायम सरकारी कागदावर राहायची, हे मी खपवून घेणार नाही. माझा संताप झाला आहे, तसे लिहावे.

माझ्यासमोर अंमलदारांनी मुलीला विचारले की, आवाज झाला तेव्हा आई स्वयंपाकघरातच होत्या का, फोनवर तुम्हाला कुकरची शिट्टी ऐकू आली होती का. तिने जावयांकडे पाहिले आणि "आठवत नाही" म्हणाली. त्यावर मला काही सांगायचे नाही.

मी माझे घर सोडून कोठेही राहायला जाणार नाही.

हा जबाब मी माझ्या डोळ्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. एके ठिकाणी हवालदारांच्या आधीच्या कागदावरून "धक्का लागून" असे उतरवले गेले होते, ते खोडायला लावून बाजूला सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे. वाचून दाखवायला बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला आत बोलावू का, असे अंमलदारांनी विचारले. मला गरज नाही. तिला मात्र हा जबाब वाचायला द्यावा.