बेटावर जायचा बरा मोसम

तिकीटबाई: फेब्रुवारी. मागच्या वर्षी विचारलंत तेव्हाही फेब्रुवारीच म्हटलं होतं, त्याच्या आदल्या वर्षीही. फेब्रुवारी काही बदललेला नाही, काका.

घड्याळजी: समुद्र शांत असतो, ते खरं. पण गर्दी फार. बेटावर पाय ठेवायला जागा नसते म्हणे.

तिकीटबाई: मग नोव्हेंबर घ्या.

घड्याळजी: तेव्हा वारा पूर्वेचा. बोट हलते.

तिकीटबाई: एप्रिल?

घड्याळजी: उकाडा. लेकीच्या गच्चीवरच्या यंत्रांना हात लावला तर चटका बसतो, असं तीच म्हणाली होती.

तिकीटबाई: वर्षाचे महिने बारा. त्यातले अडीच महिने बोटी बंद. उरलेल्या साडेनऊ महिन्यांत तुम्हाला धड चार दिवस पसंत पडत नाहीत. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात ते हेच. रागावू नका, मी माझ्या वडलांशीही असंच बोलायची.

घड्याळजी: रागवत नाही. बोला.

तिकीटबाई: हे चौथं वर्ष तुमचं. दरवर्षी याच महिन्यात येता, टोपी मांडीवर ठेवून बसता, सगळ्या तारखा विचारता, माझ्या भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली देता आणि जाता. तिकीट काही काढत नाही. सख्खी लेक तिकडे आहे ना तुमची?

घड्याळजी: एकुलती एक. हवामान केंद्रात असते. वारा, पाऊस, ऊन, सगळं मोजते. सहा वर्षं झाली.

तिकीटबाई: आणि तुम्ही एकदाही गेला नाहीत.

घड्याळजी: जायचं तर नीट मोसम बघून जावं. यंदा मी वही आणलीय. तुम्ही रोज माणसं पाठवता, तुम्हाला त्यातलं कळतं. बघा आणि सांगा.

तिकीटबाई: मला काय कळतंय डोंबल. अठरा वर्षं बेटाची तिकिटं देतेय, पण बेट पाहिलंय ते भिंतीवरच्या कॅलेंडरात. मला बोट लागते. नुसत्या धक्क्यावर उभी राहिले तरी पोटात ढवळतं. आणा ती वही. अक्षर मोत्यासारखं आहे हो तुमचं.

घड्याळजी: बारीक काम केलेला हात आहे. दर रविवारी अकराला तिचा फोन येतो. मी विचारतो, हवा कशी आहे. ती सांगते, मी लिहून घेतो. मग ती विचारते, तुमच्याकडे कशी आहे. मी सांगतो. ती पण लिहून घेत असेल.

तिकीटबाई: आणि पुढे?

घड्याळजी: पुढे काय? झालं. ठेवतो.

तिकीटबाई: ही वही चार वर्षांची दिसतेय. इतकी वर्षं बाप-लेक नुसतं हवेवर बोलताय?

घड्याळजी: आधी बोलायचो सगळं. ती लहान असताना दुकानातच असायची, माझ्या टेबलाखाली. सारखी टिकटिक, एका जागी ठरेल तर शपथ. सेकंदकाटा म्हणायचो मी तिला. सात वर्षांची होती तेव्हा गजराचं घड्याळ पार खोलून परत जोडलं होतं तिनं, एक स्क्रू उरला नाही. माझ्या हाताखाली शिकलेल्या एकालाही ते जमलं नव्हतं.

तिकीटबाई: मग ती दुकानात बसली नाही, हा राग?

घड्याळजी: छे. तिचं तिनं शोधलं, बरंच केलं. हल्ली घड्याळं कोण दुरुस्त करतंय? बेटावर निघाली तेव्हा मीच एक लंबकाचं घड्याळ नीट करून, कापसात बांधून दिलं. राग कसला.

तिकीटबाई: मग?

घड्याळजी: तुम्ही वही बघा ना.

तिकीटबाई: बघते. तेरा फेब्रुवारी. ‘निरभ्र. एकतीस. वारा मंद. ठीक.’ वीस फेब्रुवारी. ‘निरभ्र. एकतीस. ठीक.’ सत्तावीस. ‘निरभ्र. घाईत आहे.’ अहो, ही काय वही आहे? याहून जास्त तर रेडिओवाला बोलतो.

घड्याळजी: त्या दिवसांत तिकडे बाहेरची माणसं फार. केंद्र बघायला येतात, तिला सगळ्यांना हिंडवून दाखवावं लागतं. वेळ नसतो तिला.

तिकीटबाई: हं. मार्च तसाच. एप्रिल तसाच. हे काय, जुलैत पान भरलंय. ‘पाऊस मोजायचं भांडं दोनदा ओतलं. स्वयंपाक करणारा आजारी, हिनं रांधलं, सगळं करपलं. गमबुटात मांजर व्यालीय म्हणून अनवाणी हिंडते. वीज नाही, कंदील आहे. आईच्या हातची गोधडी पांघरते, तिचा वास अजून गेलेला नाही. आकाश फार खाली येतं, एकटं वाटत नाही असं नाही.’ काका, हे सगळं तिनं फोनवर सांगितलं?

घड्याळजी: हवा सांगताना बोलली. बोटी बंद झाल्या की बेटावर चिटपाखरू नसतं. मग बोलते थोडं.

तिकीटबाई: थोडं? मागच्या जुलैत चार पानं आहेत. त्याच्या आधीच्या वर्षी पाच. आणि तुम्ही मला फेब्रुवारी विचारताय.

घड्याळजी: पावसाळ्यात कोण जातं, बाई? शेवटच्या बोटीनं गेलो तर अडकून पडायचं. परतायचं म्हटलं तरी परतता येत नाही. वेळेवर कुठे पोचता येत नाही. ते दिवस मला नकोत.

तिकीटबाई: पोचायचं कुठे असतं तुम्हाला? घरी तर कुणी नाही.

घड्याळजी: आता नाही.

तिकीटबाई: ...काकू पावसाळ्यात गेल्या का?

घड्याळजी: पावसाळ्यात. ऐन तुफानात. पोरीला निरोप पोचला, पण बोटी बंद. सात दिवस ती धक्क्यावर बसून होती म्हणे. मग एका कोळ्याच्या हातापाया पडली आणि त्याच्या होडीत, जीव मुठीत धरून आली. नवव्या दिवशी पोचली. भिजलेली, ओठ फुटलेले, पायात एकच चप्पल.

तिकीटबाई: बिचारी.

घड्याळजी: मी दार उघडलं. हात चौकटीला होता माझा. आणि म्हटलं, आता कशाला आलीस?

तिकीटबाई: अहो, दुःखात माणूस बोलून जातो.

घड्याळजी: बोलून गेलो ते गेलोच. ती तीन दिवस राहिली, भांडी घासली, आईची साडी एक मागून घेतली, गेली. नंतरच्या रविवारी फोन आला. म्हटलं, हवा कशी आहे. तेव्हापासून तेच.

तिकीटबाई: आणि म्हणून तुम्हाला मोसम सापडत नाही.

घड्याळजी: ...माझ्या मनात रोज येतं, बाई. मी तिकडे जाईन, तिचं दार वाजवीन, ती उघडेल. आणि म्हणेल, आता कशाला आलात? तिचा हक्क आहे तो. पण मला नाही सोसायचं. म्हणून आपलं हे, वारा पूर्वेचा, गर्दी फार. तुम्ही ओळखलंत ते बरोबर आहे. अंगण काही वाकडं नाही.

तिकीटबाई: पाणी घ्या. घ्या हो. घोटभर.

घड्याळजी: बास.

तिकीटबाई: एक विचारू? हे समासात तांबड्या शाईनं काय लिहिलंय? ‘घड्याळ चार मिनिटं मागे.’

घड्याळजी: ते मी दिलेलं घड्याळ. पावसाळ्यात दिवसाला चार मिनिटं मागे पडतं म्हणते. दमट हवा, दुसरं काय. मी तिला उपाय सांगत असतो.

तिकीटबाई: काय उपाय?

घड्याळजी: लंबकाखाली एक छोटी चाकी असते, ती जरा फिरवायची. लंबक तसूभर वर उचलला जातो, चाल वाढते. पहिल्या वर्षी अर्धा फेरा सांगितला. मग पाऊण. मग एक. तरी हिचं पुन्हा आपलं, चार मिनिटं मागे. माझ्या हातचं घड्याळ असं वागेल हे मला पटतच नव्हतं. गेल्या वर्षी तेलही पाठवलं टपालानं.

तिकीटबाई: किती सोपं असतं हो ते काम?

घड्याळजी: पोरखेळ.

तिकीटबाई: सात वर्षांच्या पोरीला येईल?

घड्याळजी: तिला तर...

तिकीटबाई: तिला तर काय?

घड्याळजी: तिला तर डोळे मिटून येईल.

तिकीटबाई: अख्खं घड्याळ खोलून जोडणारी पोर, वाऱ्या-पावसाची यंत्रं सांभाळते, आणि तिला लंबकाची चाकी फिरवता येईना? चार वर्षं? तेही दरवेळी पावसाळ्यात, जेव्हा ती एकटी असते तेव्हाच? काका, मी दहावी नापास आहे, पण हे मला कळतंय. ती तुम्हाला घड्याळजीला बोलवावं तशी बोलावतेय आणि तुम्ही तेल पाठवताय.

घड्याळजी: फेरा सांगत बसलो मी. अर्धा, पाऊण. घड्याळातलं मला सगळं कळतं म्हणायचे लोक.

तिकीटबाई: फोन लावा.

घड्याळजी: आज बुधवार आहे.

तिकीटबाई: असू दे. ती फोन उचलायची थोडीच थांबणार आहे?

घड्याळजी: लावा मग तुम्हीच. आणि तो मोठ्यानं ऐकू येतो तसा लावा, डावा कान माझा कामातून गेलाय.

[तिकीटबाई वहीवरचा नंबर फिरवते, स्पीकर चालू करून फोन त्यांच्यापुढे सरकवते. बराच वेळ रिंग वाजते.]

मुलगी: हवामान केंद्र.

घड्याळजी: मी बोलतोय.

मुलगी: बाबा? आज बुधवार. काय झालं? पडलात का कुठे?

घड्याळजी: नाही नाही. बरा आहे मी. बोटीच्या ऑफिसात बसलोय.

मुलगी: कुठे?

घड्याळजी: बोटीच्या. विचारायचं होतं. तुझ्याकडे यायला बरा मोसम कोणता?

मुलगी: ...जानेवारी ते मार्च. आकाश स्वच्छ, लाटा अर्ध्या मीटरच्या आत. गाडीरस्ता चालू असतो. वयस्कर माणसांना तोच सोयीचा पडतो.

घड्याळजी: ते या बाईंनीही सांगितलं. मला ते नको. तुला कोणता बरा?

मुलगी: मला कसला मोसम? मी इथेच असते.

घड्याळजी: तरी पण.

मुलगी: बाबा, साडेबाराची नोंद घ्यायचीय मला.

घड्याळजी: अजून आठ मिनिटं आहेत. त्या दिवशी दारात मी तुला जे बोललो, ते बोलायला नको होतं. तू आलीस तेव्हा मला इतकं बरं वाटलं होतं की उभं राहवेना, म्हणून चौकट धरली होती मी. आणि तोंडातून आलं ते भलतंच. तेव्हापासून मी रोज ते गिळतोय. उतरत नाही.

मुलगी: वारा आहे इथे. थांबा, खिडकी लावते.

तिकीटबाई: बोला काका, तारखेचं बोला. अठ्ठावीस मे शेवटची.

मुलगी: कोण आहे तिथे?

घड्याळजी: तिकीटबाई. चांगल्या आहेत, फटकळ आहेत. त्या म्हणतायत, अठ्ठावीस मेला शेवटची बोट. त्या बोटीनं आलो तर?

मुलगी: मग ऑगस्टच्या मध्यापर्यंत परत जाता येणार नाही.

घड्याळजी: माहीत आहे.

मुलगी: वीज जाते. भाजी मिळत नाही. रात्री पत्रे वाजतात, झोप लागत नाही. दुकानाचं काय?

घड्याळजी: दुकानाला कुलूप लावीन. माझ्यावाचून कुणाचं घड्याळ अडलेलं नाही. एक सोडून.

मुलगी: ...छत्री आणू नका. इथं टिकत नाही. रेनकोट आणा. आणि चष्मा, दोन्ही. आणि आईचा तो पितळी डबा आहे ना, सुईदोऱ्याचा, तो.

तिकीटबाई: परतीची तारीख काय घालू, काका?

घड्याळजी: रिकामी ठेवा. बोटी सुरू झाल्या की बघू. अगं, ऐक.

मुलगी: ऐकतेय.

घड्याळजी: ते भिंतीवरचं घड्याळ. मागे पडतंय ना अजून?

मुलगी: पडतंय. चार मिनिटं.

घड्याळजी: मी येईपर्यंत त्याला हात लावू नकोस.

मुलगी: चार वर्षं नाही लावला, बाबा. आता कशाला लावू?