पायडल कुणी दाबायचं

काय सांगू तुमाला, आमी धारूरचे लव्हार. बाप बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव चढवायचा, माय भाता वढायची, मी तेवढा हैदराबादला मोटारीचं काम शिकून आलतो. निजामाचं राज होतं तवा. गावात मोटार एकच, आमच्या जमीनदार मालकाची, आन तिला तेलावरचा ब्रेक. त्याचा मास्टर शिलिंडर, म्हंजी पायडल दाबलं की चाकापतूर तेल ढकलनारा डबा, गळाया लागला, डायवर घाबरून पळाला, मग मी नवा आणून बशिवला. पर नवा बशिवला की तेलाच्या नळ्यांत हवा ऱ्हाती, ती काढल्याबिगर ब्रेक लागत न्हाई.

त्याला दोन माणसं लागत्यात. एकानं पायडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी आडवं पडून स्क्रू ढिला करायचा, तेलाबरूबर बुडबुडे भाईर आले की आवळायचा, मगच पाय उचलायचा. आधी उचलला की हवा परत आत. बायकू म्हणली मी दाबते, तर मालक म्हणले लव्हाराची बाई माझ्या गादीवर बसनार व्हय, आन बसले सोता. आता रस्त्यानं जानारं येनारं मालकाला रामराम घालनारच की, आन ह्यो मानूस दर रामरामाला दारातून वाकून इचारनार, काय रं, कुटं चालला? वाकला की पाय उचलला, झालं वाटोळं. सकाळची दुपार झाली, माझ्या डोळ्यात तेल गेलं, पायडल आपलं मऊच्या मऊ. मी म्हणलं मालक पाय हलवू नगा, तर मलाच म्हणले, हैदराबादला काय शिकला बे? लई संताप आला, परत चाकापाशी आडवा झालो.

वर म्हणले, उंद्या माझी लेक तान्हं बाळ घिऊन घाट उतरून दिंद्रुडला सासरी जानार हाय, तवा आज तूच मोटार खाली ने, आन बायकूला मागं बशीव, म्हंजी काम नीट करशील. तर ही पदर खोचून म्होरं आली, म्हणली, मराया मी चालती, तर पायडलबी मीच दाबनार. मालक गादीवरनं उतरले. भात्यावर वाढलेली बाई ती, दाब म्हणलं की दाबलं, धर म्हणलं की धरलं, मी सोड म्हणेस्तोर पाय हलला न्हाई. रामराम घालनारे घालत गेले.

घाट उतरलो, दर वळणाला ब्रेक लागला. सपाटीला मोटार उभी करून मागं बघितलं, तर ही घामानं भिजलेली, दोनी पाय खालच्या फळीवर रोवलेले. म्हणली,

"सोडू का आता?"

दुसऱ्या दिशी लेक-नातू सुखरूप गेले, आन मालकानं गावभर सांगितलं, ब्रेक मी दुरुस्त केला. सांगू द्या. आता आमी दोघंबी थकलो, पर यष्टी घाट उतराया लागली की हिचा पाय अजून खालचा पत्रा दाबतो. मी कावतो, अगं डायवर हाय की. ऐकत न्हाई. खाली आलो की मीच म्हणतो, सोड. तवा सोडती.