गंगाफळाले पहिली सुरी

अमरावतीत पोटाच्या डॉक्टरकडे नंबराची वाट पाहत बसलो होतो. शेजारी नऊवारीतली एक बाई पुडीतून लाल भोपळ्याच्या बियांसारखं काहीतरी काढून चावत होती. तिच्या पलीकडच्या बुरख्यातल्या पोरीनं विचारलं,

"मावशी, काय खाऊन राहिल्या?"

"गंगाफळाच्या भाजल्या बिया. डॉक्टरनं लो फॉडमॅप का काय ते पथ्य देल्लं. कांदा बंद, लसूण बंद, फुटाणेई बंद. भूक लागली तं ह्या मूठभर खा म्हणे."

"मंग सोपं हाय की."

"कायचं सोपं! आमच्यात गंगाफळ बाईनं फोडू नाही. पहिली सुरी माणसानंच लावा लागते."

"आमच्यात तं अम्मीच कापते. मंग कोणं फोडलं?"

"म्याच. दिराले निरोपावर निरोप धाडले, त्याले सवडच नाही."

"घरी कोणी बोललं नाही?"

"सासू बोलली ना. म्हणे, दोष लागते. म्या म्हटलं, तुमचा पोरगा गेल्यापासून पेरणीची तिफण मीच धरून राहिली. तवा आलं का कोणी म्हणायले, बाई थांब, वावरातलं पहिलं तास माणसानं काढा लागते?"

"मंग?"

"मंग काय! तिनं एक बी चावली, अन् म्हणे, मीठ कमी हाय."