डॉक्टरांसमोर जरा अडखळा

पिपलानीचं वळण. स्कूटरच्या हँडलला लटकवलेलं हेल्मेट. डोक्याला अकरा टाके. टाउनशिपच्या दवाखान्यात, विम्याच्या रांगेत, माझ्यापुढे एक नवरा-बायको; अपघात नवऱ्याचा.

“अहो, आत डॉक्टरांसमोर जरा अडखळा. त्यांनी ‘पूर्ण बरे’ लिहिलं, की मेंदूची थेरपी विम्यातून बंद होईल.”

“तीस वर्षं इन्स्पेक्शनला होतो. खोटा रिपोर्ट कधी दिला नाही.”

“स्टाफ नंबर विचारतील. तो चुकवा.”

“सहा शून्य चार एक सात. चुकेल कसा?”

“मग वार चुकवा.”

“गुरुवार. आज नळ उशिरा येतो.”

“निदान ‘या कोण’ विचारल्यावर तरी थांबा.”

“थांबायचं कशाला? बायको आहे माझी. सुधा.”

“वा, छान जमलं. आत असंच सांगा.”

“असंच म्हणजे कसं?”

बाईंच्या हातातल्या फॉर्मवर त्यांनी आधीच सही केली होती: वैजयंती.